घोट्याएवढं पाणी

प्रचाराच्या नवव्या दिवशी सकाळी माईचा गुडघा दुखायला लागला. तसा तो गेली दहा वर्षं दुखतच होता, पण आजवर त्याचा तिला असा कधी उपयोग झाला नव्हता. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली, पाय लांब केला आणि सुनेला म्हणाली, "आज मी काही येत नाही. तुम्ही जा."

सून तिची विटकी साडी हातावर घेऊन उभी होती. नवी नेसायची नाही, असा मुलाचा हुकूम होता. सुईणबाई सुईणबाईसारखी दिसली पाहिजे. गेल्या आठ दिवसांत त्या विटक्या साडीला जेवढी इस्त्री झाली, तेवढी ती नवी होती तेव्हाही झाली नव्हती.

"आई, गुडघा कालही दुखत होता," सून म्हणाली. "काल तुम्ही सहा गावं केलीत."

"कालचा वेगळा, आजचा वेगळा."

आतून मुलगा आला. अंगात पांढरा सदरा, गळ्यात शिडीचं चिन्ह छापलेला पट्टा. तो चुलीजवळची तेलाची वाटी घेऊन तिच्या पायाशी बसला आणि सदऱ्याच्या बाह्या सारून गुडघा चोळायला लागला. बेचाळीस वर्षांचा बाप्या, दारात माणसं खोळंबलेली, आणि हा आईचा गुडघा चोळतोय.

"आई, आजचंच तर खरं गाव आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "ओढ्यापलीकडचं. तिथं तू नसलीस तर मी काय बोलणार?"

तिथं तू काय बोलणार, याचीच तिला धास्ती होती. पण ती उठली आणि साडी नेसली.

माईनं चाळीस वर्षं बाळंतपणं केली होती. आसपासच्या बारा गावांत असं घर नव्हतं, जिथं तिनं गरम पाणी मागितलं नव्हतं. दवाखाने झाले, मोटारी आल्या, तसं तिला कुणी बोलावेनासं झालं आणि तिनंही हात झटकून टाकले. मुलगा निवडणुकीला उभा राहिला तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की विरोधकाकडे ट्रॅक्टर आहेत, पाहुणे आहेत, पण अशी आई नाही. मग गावोगाव तेच सुरू झालं. मुलगा माइक हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "माझ्या आईनं ज्यांची नाळ कापली, त्यांनी हात वर करा." पांढऱ्या मिशांचे, टकलाचे, कडेवर पोर घेतलेल्या बायकांचे हात वर जायचे. बायका माईच्या पाया पडायच्या. तिलाही बरं वाटायचं, नाही असं नाही. इतकी वर्षं कुणी विचारत नव्हतं.

सगळं बिघडलं ते चार दिवसांपूर्वी. एका सभेत कुणीतरी उठून विचारलं, ओढ्यावरच्या पुलाचं काय. मुलानं एक क्षण विचार केला आणि म्हणाला, "पुलाचं मला सांगू नका. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ओढ्याला पूर होता म्हणून माझी आई अलीकडे अडकली, आणि पलीकडे गवंड्याची बायको बाळंतपणात गेली. पूल मी बांधणार." टाळ्या पडल्या. त्या दिवशी ती दोन वाक्यांची गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी पाणी कमरेला लागलं, तिसऱ्या दिवशी छातीला. पाऊस थांबून महिना झाला होता, पण मुलाच्या भाषणात ओढा रोज वीतभर चढत होता.

खोटं तो बोलत नव्हता. त्याला तिनं जे सांगितलं होतं तेच तो सांगत होता. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

खरं काय ते आता एकट्या माईला ठाऊक होतं. त्या दिवशी ती मोठ्या घरी बसली होती. मालकांच्या सुनेची पहिली खेप होती आणि कळा नुकत्या सुरू झाल्या होत्या. दुपारी शेळ्या राखणारा म्हातारा मागच्या दाराशी आला आणि म्हणाला, "गवंड्याच्या घरून निरोप आहे. बाई पहाटेपासून अडलीय. पाणी उतरलंय, आत्ता निघालात तर घोटाही भिजणार नाही." माई उठली. तेवढ्यात मालकीणबाई म्हणाल्या, "आमचं आटपेपर्यंत जायचं नाही. गेलात तर परत ही पायरी चढू नका." आदल्याच संध्याकाळी मोठ्या मालकांनी शब्द दिला होता, की मुलाला शहरातल्या वसतिगृहात घ्यावं म्हणून चिठ्ठी देतो. नवरा मागे काही ठेवून गेला नव्हता. पोरगा हुशार होता. माई खाली बसली. पहिलटकरणीला वेळ लागतोच, गवंड्याची बायकोही पहिलटकरीणच आहे, अशी तिनं मनाची समजूत घातली. दिवेलागणीला मोठ्या घरी मुलगा झाला. मग ती धावत सुटली. पोहोचली तेव्हा सासूच्या हातांवर पोरगी आली होती, पण वार आतच अडकली होती आणि घोंगडी रक्तानं चिंब झाली होती. कुणी विचारलंही नव्हतं. तीच दारात म्हणाली, "ओढ्याला पाणी होतं." सकाळी पूर खरंच होता आणि दिवसभर घरचं कुणी ओढ्याकडे फिरकलं नव्हतं, म्हणून ते पटलं.

शेळ्यांवाला म्हातारा त्याच थंडीत वारला, मालकीणबाईही पुढं गेल्या. मुलगा वसतिगृहात गेला. त्या गावात माईनं पुन्हा पाऊल टाकलं नाही.

परवा तिनं जीपमध्ये धीर करून म्हटलं होतं, "ती ओढ्याची गोष्ट सोड आता."

"का? खरी आहे ना?"

"खरी असली म्हणून रोज उगाळायची का?"

"अगं, लोक रडतात ऐकून."

जीप चालवणारा मागे वळला. त्याला सगळे छोटे मालक म्हणत. गाडी त्याची, डिझेल त्याचं, मुलाच्या मागे उभं राहायचं ठरवलं तेही त्यानंच. त्या दिवशी दिवेलागणीला मोठ्या घरी जन्मला तो हाच. "माई, काल तर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं," तो म्हणाला. चोराच्या मनात चांदणं. माईला वाटलं हा मुद्दाम म्हणतोय. पण तो सरळ मनानं बोलला होता. ती खिडकीबाहेर बघत बसली.

आज पहिला थांबा वाटेतल्या वस्तीवर होता. ऊन सकाळपासूनच चावत होतं. फोटो काढणाऱ्यानं एका बाईचं तान्हं पोर आणून माईच्या हातात दिलं. पोर रडायला लागलं. "आजी, असं नाही," फोटोवाला म्हणाला, "डोक्याखाली हात घाला. हां, असा. मानेला आधार द्यायचा असतो." माईनं हजार पोरं धरली होती त्या हातांनी. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तो म्हणाला तसं धरलं. पोराची आई तोंडाला पदर लावून हसली. मुलगा पलीकडे कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून उभा होता. माईला सारखं वाटत होतं, की आपलं काहीतरी चुलीवर राहिलंय आणि ते करपतंय. ती जीपमध्ये बसली, उतरली, परत बसली.

"आई, काय होतंय?" सुनेनं विचारलं.

"काही नाही. गाडी तापलीय."

ओढ्याशी जीप थांबली. दरड उभी होती, गाडी खाली उतरत नव्हती. पाणी संथ होतं, गुडघ्याच्या खालीच. या काठापासून त्या काठापर्यंत दगडांची रांग होती. साधे उचलून टाकलेले दगड नव्हते ते. वरून टाकीचे घाव घालून सपाट केलेले, एका ढांगेवर एक असे बसवलेले. मध्यावर एक माणूस पाण्यात उभा राहून पहारीनं एक दगड सरळ करत होता. पन्नाशी ओलांडलेली, पाठ धनुकलीसारखी वाकलेली. माणसं आलेली बघून त्यानं पहार रोवली आणि एकेकाला हात द्यायला लागला.

माईची पाळी आली तेव्हा त्यानं वर बघितलं आणि ओळखलं. माईनंही गवंड्याला ओळखलं.

"माई," तो म्हणाला. "या. हा चौथा जरा डगडगतो, सांभाळून."

त्याचा हात दगडासारखाच खरबरीत होता. माईला तो सोडवतही नव्हता आणि धरवतही नव्हता.

"हे तू केलंस?" तिनं विचारलं.

"दर वर्षी करतो. पुरात वाहून जातात, की पुन्हा रचायचे." तो तिच्या शेजारून पाण्यातून चालत होता. "घरची कामं पडतात मागे. पण त्या वर्षापासून ठरवलं, की पाण्यापायी पुन्हा कुणाला काठावर बसायला लागू नये. तुम्ही तरी काय करणार होतात त्या दिवशी."

माई पलीकडच्या काठावर टेकली तेव्हा तिचे दोन्ही गुडघे ठणकत होते, आणि हे दुखणं खरं होतं.

सभेला अवकाश होता. माइकचा माणूस तारा जोडत होता. तोवर बायांना सावलीत बसवावं म्हणून गवंड्याच्या मुलीच्या गिरणीत नेलं. अठ्ठावीस वर्षांची ती बाई एकटी गिरणी चालवायची. भुवयांपासून पायांपर्यंत पिठानं पांढरी. गिरणीचा पट्टा थांबवून तिनं पोतं झटकलं, माईला बसायला दिलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. सून बाहेर फोनवर बोलायला गेली तशी गिरणीवाली समोर उकिडवी बसली.

"माई, एक विचारू? कुणाला विचारणार दुसऱ्या? आजी गेली, आणि बाबा त्या गोष्टीवर बोलत नाहीत."

"विचार."

"माझी आई शेवटी काही बोलली का?"

माईनं तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला. खोटं सांगायला तिला जड नव्हतं, एकदा सांगितलेलंच होतं. तुझं तोंड बघून हसली, म्हणता आलं असतं. पण समोरची नजर बघितली आणि तिची जीभ वळेना.

"बोलली," ती म्हणाली. "मी आत गेले तर डोळे मिटलेले होते. माझा आवाज ऐकून उघडले. म्हणाली, आलात का माई, बरं झालं."

गिरणीवालीनं आधी तांब्या बाजूला सारला. मग पिठाच्या हातानंच डोळे पुसले, त्यामुळे गालांवर लगदा झाला. "रागावली नाही ना तुमच्यावर," ती म्हणाली. "नाही म्हणजे, पाणीच होतं तर रागावणार तरी कशी. मला आपलं उगाच वाटायचं."

बाहेर माइक शिट्टी मारायला लागला.

शाळेच्या पटांगणात टेबलं जोडून व्यासपीठ केलं होतं. माईला मधल्या खुर्चीवर बसवलं. तिच्या एका बाजूला गवंडी, ओल्या विजारीनं, अंग चोरून बसलेला. दुसऱ्या बाजूला गिरणीवाली. छोटे मालक मागे उभे. गाव सगळं समोर. मुलगा बोलायला उठला तेव्हा तो खरंच भारावलेला होता. आजवर गोष्ट सांगितली, आज गोष्टीतली माणसं शेजारी बसली होती.

"ही मुलगी बघा," तो म्हणाला. "हिनं आईचं तोंड बघितलं नाही. हा बाप बघा. अठ्ठावीस वर्षं हा माणूस एकटा दगड रचतोय. सरकारला लाज वाटली नाही, याला थकवा आला नाही. त्या दिवशी या ओढ्याला पुरुषभर पाणी होतं. माझी आई त्या काठावर बसून ऊर बडवत होती. मी लहान होतो, पण मला आठवतंय—"

त्याला काही आठवत नव्हतं. तो त्या वेळी घरी अभ्यास करत होता. गवंडी खाली बघत अंगठ्यानं टेबलाची फळी घासत होता. आता पाणी पुरुषभर झालं होतं. उद्या ते डोक्यावरून गेलं असतं आणि मग कधीच उतरलं नसतं. हा माणूस म्हातारा होईपर्यंत त्या पाण्यात उभा राहून पहार मारत बसणार. ती खुर्चीच्या हाताला धरून उठली.

मुलाला वाटलं, आई आशीर्वाद द्यायला आली. त्यानं माइक तिच्या हातात दिला. "बोल, आई."

"पाणी नव्हतं," ती म्हणाली.

ऐकू गेलं नाही. माइकवाल्यानं खालून खूण केली, तोंडाजवळ धरा. त्यामुळे तिला ते पुन्हा म्हणावं लागलं.

"त्या दिवशी पाणी नव्हतं. घोट्याएवढं होतं. दुपारीच उतरलं होतं."

पटांगणात चुळबुळ झाली. मुलगा हसला आणि माइककडे हात नेला. "आईला ऊन लागलंय. वय झालं, आठवणींचा घोळ होतो."

"बोलू द्या त्यांना," गवंडी म्हणाला. तो उभा राहिला होता. "मग कुठं होतात, माई?"

"मोठ्या घरी. ह्यांचा जन्म होता." तिनं मागे बघितलं नाही, तरी सगळ्यांनी छोट्या मालकांकडे बघितलं. "तिकडं वेळ होता, तुझ्याकडे नव्हता. मला निरोप मिळाला होता, आणि मी बसून राहिले."

"का?"

मुलगा तिच्याकडे बघत होता. चौदा वर्षांचा असताना पेटी डोक्यावर घेऊन वसतिगृहाला निघाला तेव्हा बघत होता, तसाच.

"लोभ होता," माई म्हणाली.

"कसला?" मागून कुणीतरी ओरडलं. "लुगड्याचा का बांगडीचा?" तिनं माइक खुर्चीवर ठेवला, तो गडगडत खाली पडला आणि किंचाळला.

गवंडी जागचा हलला नाही. आवाज थांबल्यावर तो म्हणाला, "अठ्ठावीस वर्षं मी पाण्याला शिव्या देत आलो." रागानं नाही, कुणी ओझं मोजून सांगावं तसं. मग टेबलावरून उतरला आणि घराकडे चालायला लागला. लोकांनी वाट दिली.

गिरणीवाली माईसमोर आली. "मगाशी मला सांगितलंत ते?"

"ते खरं आहे. देवाशपथ."

"तिला हे माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"तेवढं तरी बरं," ती म्हणाली आणि बापाच्या मागे गेली.

"शिडीची पहिलीच पायरी मोडली," गर्दीत कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही. लोक उठायला लागले. एक म्हातारी, जिची तीन बाळंतपणं माईनं केली होती, जवळून गेली आणि तिनं तोंड फिरवलं. माईनं ते बघितलं आणि मान खाली घातली. तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. भर पटांगणात कुणीतरी पदर ओढून घ्यावा तसं झालं होतं.

ओढ्याशी आल्यावर तिनं चपला काढल्या. दगडांवर पाय ठेवायचं तिच्यानं झालं नाही. ती दगडांच्या शेजारून पाण्यातून गेली. साडी पिंडरीपर्यंत भिजली. सून हात द्यायला आली, तिला ती म्हणाली, "तू दगडावरून ये. घसरशील."

वर रस्त्यावर जीप नव्हती. छोटे मालक पुढं निघून गेले होते. सभेला आणलेल्या खुर्च्यांचा टेम्पो होता, त्यात सुनेला बसायला जागा झाली. मुलगा म्हणाला, "तू जा, मी आईला घेऊन येतो." टेम्पोची धूळ खाली बसली, मग दोघं चालायला लागले.

ऊन कललं होतं तरी डांबर तापलेलं होतं. तो पुढे, ती मागे. गळ्यातला पट्टा काढून त्यानं मुठीत गोळा केला होता. शेवटी तो न वळता बोलला.

"चार दिवस. फक्त चार दिवस राहिले होते मतदानाला. तेवढं थांबता आलं नाही तुला?"

"एकदा थांबले होते," माई म्हणाली.

तो गर्रकन वळला. इतक्या वेळाचा राग तोंडावर आला होता. "हो ना? मग कशासाठी थांबलीस? काय असं दिलं होतं त्या लोकांनी तुला, की इकडं एक बाई मरत असताना तुझ्यानं उठवलं नाही?"

माई थांबली. दम लागला होता, म्हणून तिनं गुडघ्यावर हात ठेवला. सांगायचं नव्हतं तिला. व्यासपीठावर सांगितलं नव्हतं, लुगड्या-बांगडीचा टोमणा खाल्ला होता, पण सांगितलं नव्हतं. पण तो विचारत होता, आणि आज तिच्याजवळ खोटं शिल्लक नव्हतं.

"तुझी शाळा," ती म्हणाली.